कानातल्या शेंगा

लीटा शूफर्ड खिडकीतून शर्यतीच्या गाडीत उतरली आणि पट्टे आवळायला खाली बघते तर काय, सीटवर भुईमुगाच्या शेंगेचं टरफल. साधं, कोरडं, नुकतंच फोडलेलं. बाहेर उभ्या असलेल्या ब्यूफर्ड मेकॅनिकनंही ते पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

कॅरोलायनाच्या डोंगरातल्या त्या ट्रॅकवर एखादा रविवार चर्च चुकलं तर खपायचं, पण पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, शेंगा खाल्लेल्या खपायच्या नाहीत. टरफल दिसलं की गाडी ठोकली म्हणूनच समजा. हिरव्या रंगाचंही तेच. आणि जुन्या काळी बायकांचंही तेच होतं. बायका पुढं आत आल्या, शेंगा मात्र अजून गेटाबाहेरच होत्या.

"ओपल आली," ब्यूफर्ड पुटपुटला.

ओपल हेन्स्लीचं नाव तिथं हळूच घेत. शर्यतीत पुरुषांना धूळ चारणारी बाई. लीटाच्या गाडीच्या मालकाच्या, म्हणजे हार्लन स्ट्रूपच्या वडिलांनी तिला गेटवरून परत पाठवलं होतं. तेव्हा डोक्याला हिरवा स्कार्फ बांधून ती कुंपणाला टेकून बसली आणि त्यांच्याकडे बघत एकेक शेंग फोडत राहिली. त्या दिवशी थोरल्या स्ट्रूपांची गाडी सुरूच झाली नाही. ओपलला देवाघरी जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली होती.

लीटाला मात्र भुतापेक्षा हार्लनची भीती जास्त होती. त्यानं सकाळीच बजावलं होतं, पहिल्या पाचात आलीस तर पुढंही गाडी तूच चालवायची, नाहीतर माझा भाचा कोडी आहेच. उभं आयुष्य तिनं शर्यतीत दुसऱ्यांच्या भंगार गाड्या पळवल्या होत्या. धड गाडी पहिल्यांदाच हाताला लागली होती, आणि ही गेली तर परत कोण देणार होतं?

ब्यूफर्डनं घाईघाईनं झाडू आणला. झाडूच्या दांड्यानं रेडिओची वायर निसटली. ती जोडेपर्यंत हार्लननं येऊन शेंगा शोधायला सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. या गोंधळात गाड्यांची रांग निघून गेली आणि लीटाला सगळ्यांच्या मागून सुटावं लागलं.

तिचा धाकटा भाऊ ड्यूई स्टँडच्या छपरावर उभा होता. हेल्मेट घातलं की आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून वरून रेडिओवर वाट सांगायची हे त्याचं काम. "आतून मोकळं आहे, ताई," एवढं तो बोलला आणि गप्प झाला. मग तिच्या कानात आवाज आला. कट्.

टरफल फुटल्याचा आवाज. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप ढिला पडला, आणि पुढच्याच वळणावर दोन गाड्या एकमेकींत घुसल्या. लीटा त्यांच्या शेजारून अलगद निघून गेली.

"ड्यूई, ऐकू येतंय का रे?"

रेडिओवर फक्त कुणीतरी सावकाश चावत होतं. मग पुन्हा कट्, आणि समोर एकाचा टायर फुटला. तिनं आधीच गाडी ट्रॅकच्या वरच्या कडेला काढली होती. शेवटी शेवटी तर ती रस्त्याऐवजी त्या आवाजाकडेच लक्ष देऊन चालवत होती. मागून सुटलेली बाई चौथी आली.

ड्यूई खाली उतरला तेव्हा त्याच्या मिशीला शेंगेची लाल सालं चिकटली होती.

"घाबरलो की माझं तोंड चालू लागतं, ताई," तो ओशाळून म्हणाला. "पुढं काही वेडंवाकडं दिसलं की मी एक फोडायचो. आणि रेडिओच्या बटणावरचा अंगठा काही सुटेना."

ब्यूफर्डचा जीव भांड्यात पडला. लीटानं भावाला दोन शिव्या हासडल्या. हार्लन मात्र लालबुंद झाला. शेंगांवर आलेला नंबर आपण धरत नाही, गाडीत कोडीच बसणार, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. लीटाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते हेल्मेटाआड लपवलं आणि रागानं ड्यूईकडे वळली.

"मेल्या, शेंगा आणल्यास कुठून?"

"छपरावर माझ्या शेजारी होत्या त्या आजींनी दिल्या. म्हणाल्या, फोड रे बाळा, तिला ऐकू जाऊ दे."

"छपरावर कुठल्या आजी?" हार्लननं विचारलं.

"हिरव्या स्कार्फवाल्या. मी म्हटलं, तुम्हाला वर सोडलं कुणी? तर हसल्या. म्हणाल्या, स्ट्रूपांच्या पोराला विचार."

हार्लन हळूच टायरवर बसला.

"आणि सीटवरचं टरफल?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ते माझं नाही."

"अजून काही म्हणाली?"

"पुढच्या रविवारी येते म्हणाल्या. गाडीत कोण बसतंय ते बघायला."

पुढच्या रविवारी कोडी टायर ढकलत होता. गाडीत पट्टे आवळून बसलेल्या लीटाला पिटचं गेट दिसत होतं. तिथं हार्लन स्वतः गेट उघडून, टोपी काढून उभा होता. येणारं कुणीच नव्हतं. तरी थोड्या वेळानं तो एका बाजूला सरकला आणि खाली मान घालून म्हणाला, "या, बाई."