जेवणाच्या सुट्टीतली कात्री

जगात दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे आम्हाला करी रोडच्या विहारात लहानपणीच सांगितलं होतं. कारणाला तीन प्रतींत फॉर्म असतो, हे मात्र मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

मी भिवा. लेडीज टेलर. हिंदमाताच्या कापडबाजारामागच्या गल्लीत साडीवाल्याच्या डोक्यावर एक पोटमाळा आहे, तिथे बत्तीस वर्षं ब्लाऊज शिवतो. शिक्षण सातवी, त्यातली सहावी वशिल्याने.

गेल्या जूनमध्ये योजना आली. अकरावी-बारावीच्या पोरांनी कॉलेज सुटल्यावर खऱ्या दुकानात जाऊन खरं काम शिकायचं, आणि वर पैसे पण त्यांनाच मिळायचे. नाव 'विद्यार्थी सवेतन उमेदवारी'. योजना एक नंबर. ह्यात थट्टा नाही. मी उमेदवारी केली तेव्हा पहिलं वर्ष टाचण्या वेचल्या, दुसरं वर्ष हूक लावले, तिसऱ्या वर्षी उस्तादने हातात कात्री दिली, ती पण धार लावून आणायला. पगार म्हणजे दिवाळीला एक शर्ट. तो पण आपणच शिवायचा.

योजनेची माणसं गल्लीत चाळीस दुकानं फिरली. तेरा जण म्हणाले जागा नाही. अकरा जण म्हणाले वेळ नाही. पंधरा जण म्हणाले, वर भिवा आहे, त्याला विचारा. चाळीसावा मी.

मी हो म्हटलं ते माझ्या उजव्या अंगठ्यामुळे. बत्तीस वर्षं कात्रीच्या कडीत राहून तो आता सुजतो आणि गोल गळा कापताना मध्येच उभा राहतो. मुलगा निलेश एसी ऑफिसात आहे, तो कात्री पार्सल फोडण्यापुरती धरतो. म्हणजे अंगठा गेला की दुकान गेलं. हातात कला उतरेल असं कोणीतरी पाहिजे होतं, आणि सरकार ते पगार देऊन पाठवत होतं. नाही कोण म्हणेल?

पाठवली ती पण आमच्याच चाळीतली. नम्रता, राकेशची पोर, वय सतरा. मला मामा म्हणते. आली, माळ्याला डोकं आपटलं, डोकं चोळत पहिलं वाक्य बोलली, "मामा, कटिंग कधी शिकवणार?"

पोरीला दुसरं काही नको होतं. फॅशन नको, मशिनवर गाणी लावून बसणं नको. कटिंग.

मग उन्मेष सर आले. योजनेचे समन्वयक, वय सव्वीस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. गोड माणूस. त्यांनी नियम वाचले. अठराच्या आतल्या उमेदवाराने धारदार, टोकदार, तापणारी आणि विजेवर चालणारी वस्तू हाताळायची नाही. धारदारमध्ये कात्री गेली. टोकदारमध्ये सुई, टाचणी, हूक. तापणारीत इस्त्री. विजेत मशिन आणि पंखा (बटण मी दाबायचं, वारा तिने घेतला तर चालेल). मार्किंगच्या खडूला टोक असतं की कड, ह्यावर वर पत्र गेलंय. उत्तर यायचंय.

"मग पोरगी करणार काय?" मी विचारलं.

"निरीक्षण, काका."

"म्हणजे बघणार."

"बघणार आणि नोंदवणार. दोनशे चाळीस तास."

नियम सतरा त्यांनी जरा हळू आवाजात वाचला. धारदार वस्तू हाताळलेली आढळली तर उमेदवार बाद, दुकान बाद, दिलेलं विद्यावेतन परत. सुरक्षेचं असं आहे की ती असलीच पाहिजे. आमच्या गल्लीत बत्तीस वर्षांत टेलरिंग बघून एकही माणूस जखमी झालेला नाही.

उरली टेप. पण टेप बाईला लावायची तर बाईचं संमतीपत्र, तीन प्रती. म्हणून आम्ही टेप ब्लाऊजला लावली. आमच्याकडे बाई माप देत नाही, मापाचा ब्लाऊज देते. जुना, अंगाला बसलेला, हळदीचे डाग पडलेला, चार वेळा उसवून वाढवलेला. आणि म्हणते, "ह्याच्यासारखाच शिवा, पण..." त्या 'पण'वर आमचा धंदा उभा आहे. मुंबईतली बाई शेजारणीला सोन्याची चेन देईल, मापाचा ब्लाऊज देणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात नम्रताने एक मापाचा ब्लाऊज उलटा करून उजेडात धरला.

"मामा, ह्या बाईचा उजवा खांदा खाली आहे. जड बॅग उजवीकडे लावते. म्हणून डाव्या बगलेत काचतं. तुम्ही दोन्हीकडे सारखं सैल करताय."

तो ब्लाऊज कालिंदीताईंचा. परळच्या हॉस्पिटलात नर्स. अठरा वर्षं त्या माझ्याकडे शिवतायत आणि अठरा वर्षं म्हणतायत, "ह्याच्यासारखाच, पण बगलेत काचतो." अठरा वर्षं मी म्हणत होतो, धुतल्यावर बसेल.

त्या दिवशी मी ठरवलं, हिला कात्री द्यायची. कायद्याने द्यायची.

तिची वेळ बारा ते तीन, मध्ये दीड ते दोन जेवणाची सुट्टी. नियम चौदा सांगतो, सुट्टीचा काळ प्रशिक्षणात धरला जाणार नाही. मी तो तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. मग सरळ झालं. दीड ते दोन ती उमेदवार नाही. दीड ते दोन ती राकेशची पोर, मामाकडे डबा खायला बसलेली. आणि मामाकडे भाचीने कात्री धरली तर कोणाच्या बापाचं काय जातं?

पहिल्या दिवशी तिने अस्तराचा तुकडा असा कापला की उंदराला लाज वाटावी. दुसऱ्या दिवशी उंदरासारखा. महिन्याभरात कात्री कपड्यातून कापडाला न कळता जायला लागली. आम्ही दोघं चपातीचा रोल करून उभ्याने खायचो. घड्याळात दोन झाले की मी म्हणायचो, "नमे, ठेव. परत लहान झालीस." ती कात्री ठेवायची, स्टुलावर बसायची आणि वही काढायची.

वहीतला नमुना देतो. 'दिवस ४१: मास्तरांनी बाहीचा गोल कापला. मी पाहिला. दिवस ४२: मास्तरांनी बाहीचा गोल कापला. मी आणखी जवळून पाहिला.' उन्मेष सरांना बेचाळीसावा दिवस फार आवडला. प्रगती दिसते म्हणाले.

सहा महिन्यांत ती अठ्ठेचाळीस तास शिकली आणि दोनशे चाळीस तास तिने विश्रांती घेतली. पैसे विश्रांतीचे मिळाले.

मग आला मूल्यमापनाचा दिवस. टेबलावर कालिंदीताईंचा मापाचा ब्लाऊज होता आणि बाजूला त्यांचा नवा, निळा, नम्रताने कापलेला. दीड ते दोनमध्ये. उन्मेष सरांनी निळा उचलला. उजेडात फिरवला. शिवणीवरून बोट फिरवलं. नम्रताचा रंग अस्तरासारखा पांढरा झाला. माझ्या डोळ्यांपुढे नियम सतरा.

"हा कोणी कापला?"

"मामांनी," नम्रता म्हणाली. एक सेकंद पण लावला नाही.

"बघ," सर तिला म्हणाले, "ह्याला म्हणतात मुरलेला हात. वीस वर्षं घासलीस तर असं जमेल."

"हो सर."

मग त्यांनी वही उघडली. 'काम केलेली वस्तू' ह्या रकान्यात तिने रोज खरं तेच लिहिलं होतं: मापाचा ब्लाऊज.

"मग हाच तपासायचा."

"अहो, तो अठरा वर्षांचा आहे," मी म्हटलं. "मी शिवलाय."

"काका, नोंदीत आहे तेच तपासता येतं."

तपासला. रंगाला आठ, फिनिशिंगला सात, 'पारंपरिक बाज'ला दहापैकी दहा. एकूण त्र्याऐंशी टक्के, अ श्रेणी. उमेदवार सतराची, पण ब्लाऊज अठरा पूर्ण, त्यामुळे कुठेच हरकत आली नाही. पुरावा म्हणून सर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. सध्या तो एका प्रदर्शनात काचेमागे आहे. खाली नम्रताचं नाव आहे.

संध्याकाळी कालिंदीताई आल्या.

"माझा मापाचा कुठाय?"

"सरकारजमा," मी म्हटलं.

जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही (नर्सला शरीराचे सगळे अवयव पाठ असतात). शेवटी पडद्यामागे जाऊन निळा घालून बघितला. मी देवाला मानत नाही, नाहीतर नवस बोललो असतो. नम्रता टेपचं टोक दातांनी चावत होती.

बाहेर आल्या. दोन्ही हात वर केले, खाली केले.

"मास्तर, बसला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. काय हात आहे तुमचा!" निळा काढून टेबलावर ठेवला. "आता हाच मापाचा."

आमच्या धंद्यात ह्याच्यापुढे पदवी नाही. तुम्ही कापलेला ब्लाऊज कोणाचा तरी मापाचा झाला की तुम्ही मास्तर. उस्तादकडे मला त्याला नऊ वर्षं लागली होती. नम्रताने मान खाली घातली आणि जमिनीवरची टाचणी उचलली. नसलेली.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईंनी पिशवीतून जांभळी पैठणी काढली. भाचीच्या लग्नाची. ब्लाऊजपीस जरीकाठी, एकच, चुकला तर दुसरा नाही.

"हा पण ह्याच मापाने." मग नम्रताकडे बघून आवाज हळू केला, पण माळा सहा फुटांचा आहे. "फक्त ह्या पोरीच्या हातात कात्री देऊ नका हां. सर्टिफिकेट वगैरे ठीक आहे. पण तुमच्याच हाताने कापा."

"माझ्याच," मी म्हटलं. अंगठा खिशात होता.

त्या गेल्यावर नम्रता बराच वेळ हसली, मग थोडी रडली, मग परत हसली. "मामा, योजना तर संपली. आता?"

योजना संपली, खरं आहे. जेवणाची सुट्टी कोणी बंद केलेली नाही. आमच्या दुकानात ती आता बारा ते सहा असते, आणि सुट्टीचा पगार मी देतो. पैठणी मंगळवारी कापली. मी खाली जाऊन साडीवाल्याकडे उभा राहिलो, बघवलं नाही. वर आलो तेव्हा ब्लाऊजपीस तिथे नव्हता, ब्लाऊज होता.

तुम्ही कालिंदीताईंना हसलात, हसा. पण दिवाळीच्या आधी तुमच्या घरातल्या कोणीतरी हिंदमाताच्या मागे, वरच्या माळ्यावर एक ब्लाऊज टाकला होता. चांगला बसला ना? मास्तरच्या हाताला तोड नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?

आणि जाताना जिन्यातून वळून, स्टुलावर बसलेल्या पोरीला सांगितलंत, "बाळ, नुसती बसू नकोस. काहीतरी शीक."