हात डोक्यावर येईस्तोवर

आमच्या आंजी गावात गुलाबराव मास्तरांना नुसता नमस्कार करून पुढे जाता येत नाही. ते परत बोलावतात.

"अंगठे पाह्य तुह्ये. एक वर्ध्याकडं, एक आर्वीकडं. असा नमस्कार पोचते का?"

मग आपण वांग्यांची पिशवी खाली ठेवून भर चौकात पुन्हा हात जोडायचे. मी त्यांचा जुना विद्यार्थी, त्यामुळे मला तीनदा.

निवृत्तीनंतर मास्तरांनी हेच काम अंगावर घेतलं आहे. हात मिळवायची पद्धत कुठून आली? हातात शस्त्र नाही हे दाखवायला. रामराम दोनदा का? एक राम माझ्यातला, एक तुझ्यातला. एकदा मी तापानं फणफणून दवाखान्यात निघालो होतो, तेव्हा सलामाचा उगम ऐकून मगच गेलो.

पाया पडण्याचे नियम तर फार कडक. आशीर्वाद उजव्याच हातानं द्यायचा, आणि "हात डोक्यावर येईस्तोवर उठाचं नाई. नाईतर ती नुसती उठबस झाली." दसऱ्याला सोनं द्यायला गेलं की आपण वाकलेले, आणि सगळा अर्थ सांगून होईपर्यंत मास्तरांचा हात काही खाली येत नाही.

ते स्वतः मात्र एका घरी सोनं द्यायला जात नसत. समोरच्याच. तिथे त्यांचे थोरले भाऊ नानाजी राहतात. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं आणि बारा वर्षं बोलणं बंद. यंदा नानाजींना लकवा मारला. दसऱ्याला मास्तर माझ्या दारात आले.

"चाल संगं. एकटा गेलो त दारातूनच वापस येईन."

नानाजी खाटेवर बसले होते. मास्तरांनी आपट्याची पानं त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वाकले. नानाजींचा उजवा हात हलेना. डावा वर आला आणि मध्येच थांबला. उजव्याच हाताचा नियम त्यांनाही ठाऊक होता. बोलणं बंद असलं तरी समोरच्या ओसरीवरचं सगळं ऐकू येतंच.

मास्तर उठेनात. वहिनी चहा घेऊन आल्या, तरी वाकलेलेच. मला तिथे उभं राहवेना. शेवटी मास्तरांनीच चाचपडत भावाचा उजवा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"उठ गुलाब," नानाजी जड जिभेनं म्हणाले. "कंबर धरन."

बाहेर आलो तर कुणीतरी चालत्या फटफटीवरून एका हातानं रामराम केला. आता त्याला परत बोलावणार म्हणून मी थांबलो. मास्तर नुसतं "रामराम" म्हणाले, डोळे पुसले आणि आपल्या घरात गेले.