बहुमताने झालेला सूर्यास्त

कोणत्याही राष्ट्राच्या उभारणीला आधी निर्मनुष्य भूमी लागते. आइसलँड या बाबतीत नशीबवान ठरले. नॉर्वेहून आमचे पूर्वज आले तेव्हा तिथे कुणीही नव्हते. (काही आयरिश साधू होते, पण ते कुणाशी भांडत नसल्याने त्यांची गणना माणसांत झाली नाही.) साधू यथावकाश निघून गेले आणि जमीनवाटपाचे काम अत्यंत न्याय्य पद्धतीने सुरू झाले.

पद्धत अशी. पुरुषाने सकाळी एक आगटी पेटवावी, तिचा धूर दिसेल तिथे दुसरी, मग तिसरी, असे करत दिवसभरात जेवढ्या मुलखाला वळसा पडेल तेवढा त्याचा. गडी आणि घोडे कितीही लावावेत. बाईमाणसाला एवढा धूर सोसत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी तरतूद होती. तिने दोन वर्षांची एक कालवड दाव्याला धरून वसंतातल्या एका दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत स्वतः फिरवावी. वळशात येईल ती जमीन तिची. सूर्यास्ताआधी बसली तर दावा बाद. हा नियम दक्षिणेत झाला होता, आणि नियम करणारे उत्तरेकडे फिरकत नसत.

योरुन उत्तर टोकाच्या खाडीत उतरली तेव्हा तिच्याजवळ दोन लेकी, एक कढई आणि फ्लेक्का नावाची कबरी कालवड एवढेच होते. नवरा, स्तेनोल्फ, वाटेत समुद्राने ठेवून घेतला होता. जमीन मिळाली नाही तर ग्रीमोल्फच्या घरी लोकर विंचरत जन्म काढावा लागणार होता.

ग्रीमोल्फ हा स्तेनोल्फचा मानलेला भाऊ. तो दोन वर्षे आधी आलेला, म्हणजे तिथला मूळ रहिवासी. अठ्ठावीस आगट्या पेटवून त्याने खाडीचा पश्चिम किनारा घेतला होता आणि पूर्वेकडच्यावर त्याचा डोळा होता.

"वहिनी, घाई कशाला? बर्फ तरी वितळू दे," तो म्हणाला. बर्फ वितळल्यावर वारा आडवा आला. मग मेंढ्या व्यायल्या, तेव्हा साक्षीला माणूस मोकळा नव्हता. असे करता करता जूनचा मध्य उजाडला, तेव्हा वसंत संपल्याची हरकत त्याने घेऊन पाहिली.

"भावोजी, तुमच्या डोंगरावर बर्फ आहे ना अजून? मग वसंतच आहे," योरुन म्हणाली.

एके दिवशी धुके विरले आणि सूर्य दिसला. तोच सूर्योदय धरून ती निघाली. संध्याकाळपर्यंत पूर्व किनारा तिच्या वळशात आला आणि पाय सोलवटून निघाले. सूर्य पाण्याशी गेला, जरा रेंगाळला आणि पुन्हा वर चढू लागला. त्या दिवसांत तो तिथे मावळत नाही, हे खाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होते. पण सरकारी कामाच्या वेळी ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

"झालं, भावोजी. बसते आता."

"सूर्य कुठं मावळलाय, वहिनी?" ग्रीमोल्फ हसू दाबत म्हणाला. "आत्ता बसलात तर दावा बाद. मी नाही म्हणत हो, कायदा म्हणतो."

योरुन रडली. अगदी हुंदके देऊन रडली. मग तिने डोळे पुसले, सूर्याकडे पाहिले आणि कालवड पश्चिमेकडे वळवली.

"अहो, तिकडं कुठं? ती माझी जमीन!"

"मी कुठं जातेय, भावोजी? कायदा नेतोय."

जमीन मोकळी असावी, असे नियमात कुठेच नव्हते. एखादी कालवड एवढी चालेल असे कुणाला वाटलेच नव्हते. नदी ओलांडून, गवताची दोन कुरणे मागे टाकून दुसऱ्या दिवशी योरुन ग्रीमोल्फच्या गोठ्यामागून निघाली. त्याच्या बायकोने तिच्या हातात चालता चालता दह्याचा वाडगा दिला. "खा गं. आणि त्या टेकाडालाही वळसा घाल. तिथं यांची आई राहते."

तातडीने सभा भरली. ठराव एकच: सूर्य मावळला आहे. सूर्य समोरच असल्याने सभासदांनी त्याच्याकडे पाठ करून मतदान केले. बाजूने पाच, तटस्थ एक (झोपलेला), विरोधात एक. विरोध करणारा कोळी होता आणि त्याला सूर्य दिसतो आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

"कालच मावळला होता, तुम्ही पूर्व किनाऱ्यावर होतात तेव्हा," ग्रीमोल्फने तिच्यामागे धावत सांगितले.

"मला नाही दिसला. चालते मी."

"बरं, नदी ओलांडलीत तेव्हा!"

"कुरणं ओलांडली तेव्हा. नाहीतर आईंकडे जाऊन येते."

अखेर कुरणांवर सूर्यास्त झाला. योरुन होती तिथेच आडवी झाली आणि हातात दावे घेऊन बारा तास झोपली.

पुढच्या वर्षी आणखी एक गलबत आले. त्यातून आलोव्ह नावाची विधवा तीन पोरे आणि एक काळी कालवड घेऊन उतरली.

"ताई, तुमचं ऐकूनच आले. माझी कालवड पण दमदार आहे," ती म्हणाली.

"मिळव की बाई," योरुन म्हणाली. "पण बाहेरून किती लोकांनी यायचं, याला काही सुमार?"

योरुनला आता जमीन होती, त्यामुळे मतही होते. तिने नियमात एक छोटीशी दुरुस्ती सुचवली आणि ग्रीमोल्फने तिला मनापासून अनुमोदन दिले. कालवड यापुढे वसंताऐवजी ऐन हिवाळ्यात फिरवावी. बाकी सर्व, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, पूर्वीप्रमाणेच. ऐन हिवाळ्यात त्या खाडीत सूर्य दक्षिणेच्या डोंगराआडून उगवतच नाही. या वेळी कोळ्यालाही विरोध करण्यासारखे काही दिसले नाही.

आलोव्हने योरुनच्या घरी जन्मभर लोकर विंचरली. योरुन तिला रोज दह्याचा वाडगा देई. ती मनाने फार मोठी होती, असे आमच्याकडे अजून सांगतात.

तुम्हाला तिचा राग आला असेल, तर ते तुमच्या सज्जनपणाचे लक्षण आहे. आता ज्या जागेत बसून तुम्ही हे वाचता आहात, ती तुमच्या घराला कोणत्या ऋतूत मिळाली आणि नंतर नियम कुणी बदलला, हे आज घरी विचारून पाहा. नाहीतर नकोच. पानं वाढली असतील, जेवून घ्या.