परिशिष्टातलं गाणं

एका जंगलात विद्यापीठ होतं. हसू नका बाळांनो, वाघ-सिंह असतात तिथे विद्यापीठही असतंच.

त्या विद्यापीठात काटेकोरबाई नावाची एक साळिंदर होती. अंगभर काटे, काटा उपटला की लेखणी. हरणींच्या जुन्या गाण्यांवर तिने उभा जन्म अभ्यास केला होता. तिचा ग्रंथ इतका जाड होता की वारा सुटला की कोल्हे सर तो दाराला लावत. कोल्हे सर म्हणजे विभागप्रमुख. आपला ग्रंथ कुणीतरी रोज हाताळतं, याचं बाईंना फार समाधान होतं.

एकदा सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, ‘विद्वानांनी आपलं ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवावं. जो पोहोचवील त्याला पीठाचार्य करू.’

झालं! कोल्हे सरांनी लगेच तळ्याकाठी परिसंवाद ठेवला. विषय, ‘लोकांपर्यंत कसे पोहोचावे?’ पहिल्याच सत्रात सांबरं आणि रानडुकरं तळ्यावर पाणी प्यायला आली. कोल्हे सर ओरडले, “शू! चला, निघा इथून! इथे लोकांविषयी गंभीर चर्चा चालू आहे!”

लोक तहानलेलेच परत गेले. चर्चा मात्र छान रंगली.

काटेकोरबाईंचं तिथे लक्ष नव्हतं. का, ते सांगतो.

उन्हाळ्यात त्या जंगलातले कळप नदी ओलांडून पलीकडच्या गवतात जात. यंदा दरबाराने ओलांडायला नवा उतार ठरवला होता, अर्जुनाच्या झाडाखाली. तिथे गार सावली होती आणि महाराजांना सिंहासनावर बसून सोहळा पाहता येणार होता. पण बाईंनी अभ्यासलेल्या गाण्यांत त्या जागेचं नाव आलं की कुणीतरी आई रडत असे. तिथे गाळ होता. वरून कळत नसे, आणि पाडसं आत जात.

‘आता नाही सांगितलं तर आपल्या विद्येला आग लावायची का?’ असं म्हणून बाई तरातरा कळपाकडे गेल्या. सगळे गोळा झाले. बाईंनी घसा खाकरला.

“सदर काठ हा, उपलब्ध गीतसामग्रीच्या मर्यादेत, दलदलीचा असावा, असे मानण्यास काही अंशी जागा आहे.”

म्हातारा गवा म्हणाला, “म्हंजी जायाचं का न्हाई?”

“तसं थेट विधान करणं धाडसाचं ठरेल.”

“मग जातो,” गवा म्हणाला आणि रवंथ करू लागला.

बाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं. बरोबर बोलायची सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की ‘जाऊ नका’ हे दोन शब्द तोंडातून निघेनात. त्या पुन्हा म्हणाल्या, “मतांतरे आहेतच, परंतु...” तोवर निम्मा कळप चरायला लागला होता.

टिकली नावाची एक चितळीण मात्र थांबली. तिचं पाडस अजून लटपटतच चालत होतं. तिने विचारलं, “बाई, तुमाला ह्ये कुटनं कळलं?”

“तुझ्या पणजीच्या गाण्यातून.”

“मग त्ये गानंच म्हना की!”

“गाणं परिशिष्टात आहे,” बाई म्हणाल्या.

“आता त्यो कंचा डोंगर?”

त्या गाण्याचं बाईंनी वर्गीकरण केलं होतं, विश्लेषण केलं होतं. ते गाऊन कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोल्हे सर दिसत नव्हते. मग डोळे मिटून, फाटक्या आवाजात त्या गाऊ लागल्या.

अर्जुनाखाली गं बाई, पाणी दिसतं उथळ
खाली मऊ मऊ गाळ, त्याला आवडतं बाळ

टिकलीने पाडसाला पोटाशी ओढलं. चरणाऱ्या माना वर आल्या. गव्याचं रवंथ थांबलं.

“पुढची ओळ मिळाली नाही,” बाई ओशाळून म्हणाल्या. “फार शोधली.”

तेवढ्यात मागून एका बोळक्या तोंडाच्या हरणीने सूर लावला.

जांभळीच्या वळणानं जाय, तिथं खडक धरील पाय

“आवो आजी!” बाई किंचाळल्याच. “हे आजवर का नाही सांगितलंत?”

“तुमी कवा इचारलं? लांबनं बघून लिवत हुता नुसतं.”

सोहळ्याच्या दिवशी महाराज अर्जुनाखाली हार घालून बसले. कुणी आलंच नाही. सगळे कळप गाणं म्हणत जांभळीच्या वळणाने पार झाले. एकही पाडस गाळात गेलं नाही. संध्याकाळी सिंहासन हात टेकायच्या दांड्यांपर्यंत गाळात उतरलं होतं. दरबाराने जाहीर केलं की महाराज आता मातीशी जोडले गेले आहेत.

मग निवड समिती बसली. कोल्हे सरांनी विचारलं, “बाई, आपण लोकांना नेमकं काय दिलंत?”

“गाणं.”

“ते तर त्यांचंच होतं! आणि कुणी बुडालं का?”

“नाही.”

“मग धोका होता याला पुरावा काय?”

बाईंनी गाळातलं सिंहासन दाखवलं, तर सर म्हणाले, ते मातीशी जोडलं गेलं आहे. पीठाचार्य कोल्हे सर झाले, परिसंवाद यशस्वी केल्याबद्दल. बाईंना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूपच वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाई एकट्याच नदीवर गेल्या. विचारांच्या नादात पावलं अर्जुनाकडे वळली. एवढ्यात टिकलीचं पाडस, आता चांगलं उंच झालेलं, आडवं आलं.

“आजी, तिकडं नगा जाऊ! गाळ हाय.”

सवयीने बाईंच्या तोंडून गेलं, “संदर्भ?”

“माझी आई,” पाडस म्हणालं. “ती म्हनती, ह्ये गानं लई जुनं हाय. कुनाचं, त्ये कुनालाच ठावं न्हाई.”

बाईंचे सगळे काटे आडवे झाले. आनंद झाला की साळिंदराचे काटे आडवे होतात, असं मानण्यास जागा आहे.

तात्पर्य : विद्वानांनी आपलं ज्ञान लोकांपर्यंत कदापि पोहोचू देऊ नये. ते पोहोचलं की लोकांचं होऊन जातं, आणि मग बढती कोणाला द्यायची हा प्रश्न कोल्ह्यांनाच सोडवावा लागतो.