त्रेसष्टचा फरक

या मंडळी, जवळ सरका. मागच्यांनी पुढे यावं, भिंतीला टेकलेल्यांनी जरा ताठ व्हावं. आज मोठ्या श्रद्धाळू माणसांची गोष्ट सांगतो, म्हणजे ऑफिसातल्या माणसांची. हसू आलं तर खुशाल हसा, फक्त मध्येच उठू नका.

एका शहराला पाणी पुरवणारं एक मंडळ होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या वार्षिक हिशेबाच्या दोन बाजू जुळेनात. फरक आला त्रेसष्टचा. त्रेसष्ट लाख नव्हे, हजारही नव्हे, नुसते त्रेसष्ट. तो हुडकण्यासाठी तिसऱ्या मजल्यावर फरक शोध कक्ष स्थापन झाला. एक कक्षप्रमुख, तीन शोधक, नऊ कपाटं आणि एक चहाची किटली. दरवर्षी कक्षाचा अहवाल जाई : ‘शोध समाधानकारकरीत्या चालू आहे.’ आणि देवाची शपथ, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. समाधान तर भरपूर होतं.

या कक्षात एक बाई रुजू झाल्या. वय छत्तीस. दोन मुलांचे डबे भरून, संध्याकाळचे वर्ग करून त्या लेखा तंत्रज्ञाची परीक्षा पास झाल्या होत्या. पण नुसत्या परीक्षेनं कुणी तंत्रज्ञ होत नाही. वर्षभर अनुभव घ्यायचा, अनुभव पुस्तिकेवर वरिष्ठांची सही आणायची, मग नोंदणी. सतरा ऑफिसांनी विचारलं, “अनुभव आहे का?” बाई म्हणाल्या, “तोच घ्यायला आलेय.” सतरा ऑफिसांनी त्यांना प्रेमानं दार दाखवलं. अठरावं हे.

पहिल्या दिवशी कक्षप्रमुखांनी सरावासाठी ती एकोणीस वर्षांपूर्वीची वही आणि बिलांची फाइल त्यांच्यापुढे ठेवली. चाळीस मिनिटांनी बाई उठल्या.

“साहेब, सापडला.”

“काय, माझा चष्मा?”

“फरक.”

तिन्ही शोधकांचे कप ओठांपाशी थांबले.

“त्रेसष्टला नऊनं भाग जातो,” बाई म्हणाल्या. “असा भाग गेला की बहुतेक वेळा कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिलेले असतात. हे बघा, टाकीच्या झाकणाचं बिल दोनशे एक्क्याऐंशीचं. वहीत चढवलंय दोनशे अठरा.”

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. “हे कुठं शिकलात?”

“वर्गात. पहिल्याच महिन्यात.”

“आणखी कुणाला बोललात?”

“नाही.”

“देव पावला,” साहेब खुर्चीत बसत म्हणाले. “बाई, तुम्हाला शोधायला ठेवलंय. सापडायचं कुणी सांगितलं?”

मग त्यांनी अनुभव पुस्तिका उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं : ‘शोधकार्य, किमान अठराशे तास.’ “तुमची झाली चाळीस मिनिटं. बाकीचे तास कुठून आणू? शोधायला काही शिल्लक ठेवलंत का तुम्ही? अशा पुस्तिकेवर मी सही केली तर मीच आत जाईन.”

साहेब दुष्ट नव्हते हो, नियमाला धरून होते. तातडीनं समिती बसली. समितीनं तीन बैठकांत ठरवलं : प्रशिक्षणार्थीला शोधण्याचा अधिकार आहे, सापडण्याचा नाही, सबब सदर सापडणे अकाली समजून लिफाफ्यात बंद करावे आणि नोंदणीकृत तंत्रज्ञाने खात्री करेपर्यंत उघडू नये. दरम्यान बाईंनी शोध चालू ठेवावा, ती वही सोडून.

घरी नवऱ्यानं हे ऐकलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. “आमची लिफ्ट दोन बोटं खाली थांबली तर मी अर्ध्या तासात ठीक करतो. तुमच्यात त्याला कक्ष लागतो?”

“तू गप रे,” सासूबाई म्हणाल्या. “तिला सही मिळू दे आधी. मग काय ते खरं बोल म्हणावं.”

बाईंना पटलं. एकच वर्ष. त्या रोज सकाळी फरक जिथं नाही हे पक्कं ठाऊक होतं, तिथं तो शोधू लागल्या.

महिन्याच्या एक तारखेला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत जिना चढून आले. साहेब उठून उभे राहिले. एका शोधकानं खुर्ची पुसली, दुसऱ्यानं कप भरला.

“हे आपले आजोबा,” साहेबांनी ओळख करून दिली. “इथले जुने कारकून. ती वही यांच्या हातची. फरक यांच्यावर आलाय, म्हणून तो निकाली निघेपर्यंत पेन्शन थांबवलंय. कक्षाचे मूळपुरुषच म्हणा ना!”

आजोबा हसले. “नवीन का बाई तुम्ही? शोधताय ना?”

बाईंनी मान खाली घालून समोरच्या वहीचं पान उलटलं. “शोधतेय, आजोबा.”

“शोधा. मी काही घेतलं नाही हो. पण चूक कुठं झाली ते आठवतच नाही.”

ते गेल्यावर बाई साहेबांच्या टेबलाशी आल्या. “साहेब, तो लिफाफा...”

“आता उघडला तर तुमची सही जाईल आणि अनधिकृत म्हणून शोधही बाद होईल. म्हणजे आजोबांचंही नुकसान. तुम्हाला दया नाही का?”

असे बारा वेळा आजोबा जिना चढले, बारा वेळा बाई ‘शोधतेय’ म्हणाल्या. अठराशे तास भरले. साहेबांनी पुस्तिकेवर लिहिलं ‘चिकाटी उत्तम’ आणि सही केली. नोंदणी झाली. बाई आता लेखा तंत्रज्ञ. कक्षात दुसरं कुणीच नोंदणीकृत नव्हतं, म्हणून लिफाफा उघडायचा अधिकार फक्त त्यांचा.

त्या दिवशी साहेबांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक तो लिफाफा. दुसरं नेमणुकीचं पत्र.

“फरक सापडत नाही म्हणून वरून पाचवी जागा मंजूर झालीय. कायम. लिफाफा उघडलात तर कक्ष बंद, आपण पाचही जण घरी. घाई नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार करा.”

बाईंनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार केला. मुलांची फी आठवली, सतरा दारं आठवली, आजोबांची काठीही आठवली. मग त्यांनी त्या वर्षीच्या अहवालावर, नोंदणीकृत तंत्रज्ञ म्हणून, पहिली सही केली : ‘फरक त्रेसष्ट. शोध चालू.’

चुकचुकलात ना मंडळी? चुकचुका. पण घरी गेल्यावर पाण्याचं बिल काढा. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘शोध आकार’ अशी ओळ आहे. एकोणीस वर्षं तुम्ही तो मुकाट भरताय. कसला शोध, म्हणून एकानं तरी विचारलं? बाईंनी निदान चाळीस मिनिटं ती वही वाचली. तुम्ही एक ओळ वाचली नाहीत.

पुढचं बिल भराल तेव्हा भरण्याआधी क्षणभर थांबा. खिडकीपलीकडच्या माणसाला एवढंच विचारा, ‘कसला शोध?’ आणि त्या आजोबांची आठवण ठेवा. एक तारखेला ते अजूनही जिना चढतात.