पोपटाचं पथ्य

तुळशीरामजी घरी आलेल्या माणसाचे हात हुंगत. राम राम नाही, बस म्हणणं नाही. आधी "हात दाखव" म्हणायचे, तळहात नाकाजवळ नेऊन डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. "शेव खाल्ली. जाय, धुऊन ये."

अमरावतीला कॉलेजात आलो तेव्हा मी त्यांच्या घरामागची खोली भाड्यानं मागायला गेलो होतो. आमचं गाव चांदूर रेल्वेजवळ. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमची धम्मदीक्षा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण खोली मागायला गेलं की लोक अजून नाव विचारत, मग गाव, मग आडनाव. आडनावानंतर ती खोली कोणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघे. असे तीन भाचे झाल्यावर मी तुळशीरामजींच्या दारात उभा होतो. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. हात हुंगले आणि अंगणातल्या रांजणाकडे बोट केलं. "साबन लाव. दोनदा."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहायला हवं. मला वाटलं, हे भाचा सांगत नाहीत एवढंच, अर्थ तोच आहे. मी हात धुतले, कारण खोली हवी होती. खोली मिळाली. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो.

नजर ठेवण्यात ते मात्र माझ्या फार पुढे होते. त्यांचा साऱ्या जगावर संशय होता, आणि तो एका पोपटापायी. पोपटाचं नाव पटवारी. मला, शेजाऱ्यांना, पोस्टमनला, सगळ्यांना ते अरे-तुरे करत. पटवाऱ्याला मात्र "तुमी". सकाळी माझ्या खिडकीतून ऐकू येई, "पटवारी, उठा. आज शेवग्याचा पाला हाय. तोंड वाकडं करू नका."

तुळशीरामजी जातीचे माळी. जन्मभर मळा केला आणि इतवारा बाजारात भाजी विकली. आता मळा पुतण्याकडे होता आणि सगळी विद्या पोपटाच्या वाटीत उतरली होती. मोड आलेली मटकी, शिजवून निववलेली ज्वारी, घोळीची कोवळी पानं, पिकलेल्या कारल्याचं लाल बी, भोपळ्याचं बी, पेरूची फोड. कालचा पदार्थ आज नाही. मीठ नाही, तेल नाही, चहात बुडवलेली पोळी तर नाहीच नाही. बाजारातून भाजी आणली की तिचं एक पान आधी स्वतः चावून बघायचे. कुणी पावडर मारली असेल तर जिभेला कळतं म्हणायचे.

"पोपट दिसला का मिरची, पोपट दिसला का भिजली दाळ," ते म्हणायचे. "कोणं सांगतलं? रानात त्याले दाळ कोन भिजवून देते? त्याची माय?"

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी शेंगदाणा. "तेल हाय ते. घाण्यात टाकाची वस्तू, पाखराच्या पोटात नाही. चरबी धरून मरते पाखरू." शेंगदाण्याचं नाव काढलं तरी ते पिंजऱ्याकडे पाहून आवाज खाली आणत, जणू पटवाऱ्यानं ऐकू नये.

एका सकाळी शेजारचे देशपांडे मास्तर वर्तमानपत्र न्यायला आले. मी ओसरीवर वाचत बसलो होतो. वाचत कसला, पाहतच होतो. तुळशीरामजींनी मास्तरांचे हात हुंगले.

"चिवडा. लसनाचा. जाय, धुऊन ये."

"अहो, मी वर्तमानपत्र न्यायला आलोय. पोपटाला हात लावायला नाही."

"आज नाही लावनार. उद्या म्हनशीन, गोड पाखरू हाय, दोन पोहे देऊन पाहू. मी ओयखतो मास्तर लोकाइले."

मास्तर माझ्याकडे पाहत हसले आणि गेले रांजणाकडे. दोनदा साबण लावला. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तर्कशास्त्राचं एक अख्खं प्रकरण पाठ झालं. पण संध्याकाळी मनानं पुन्हा खोडी काढली. मास्तर धुऊन आले तसे आतल्या खोलीपर्यंत गेले होते, पाणीही प्यायले होते. मी अजून ओसरीच्या आत गेलेलो नव्हतो. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि मी पाणी मागितलं नव्हतं. न मागता नकार मिळत नाही, असा माझा हिशोब होता.

ओसरीवर माझं एक काम असे. तुळशीरामजींना लिहिता येत नव्हतं. मुलगा अकोल्याला सरकारी नोकरीत. त्याला महिन्यातून एकदा कार्ड जायचं आणि ते मी लिहायचो. पटवारी मुळात नातीचा. मुलाची बदली झाली आणि अकोल्याच्या क्वार्टरमध्ये शेजारणीची मांजर निघाली, म्हणून पोपट आजोबांकडे राहिला. कार्डात फक्त त्याचंच. "लिव, पटवारी सोमवारी पेरू खाल्ला. लिव, मंगळवारी मेथी टाकून देल्ली, पन बुधवारी खाल्ली." जागा संपत आली की मी विचारायचो, "तुमच्या तब्येतीचं लिहू का?" ते म्हणायचे, "लिव, बाकी ठीक."

एकदा शेवटी म्हणाले, "लिव, आता माह्या खांद्यावर बसते." मी लिहिलं. मी त्याला खांद्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. वाटी ठेवायला त्यांनी हात आत घातला की पटवारी चोच मारी. त्यांच्या बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या असत. पण मी विचारलं नाही.

दर रविवारी शेजाऱ्यांसमोर पटवाऱ्याचं वजन होई. भाजीचं बी विकायचा एक छोटा तराजू त्यांनी जपून ठेवला होता. नव्या ग्रॅमच्या वजनांवर त्यांचा विश्वास नव्हता, जुने तोळेच चालत. पोपटाला मलमलीच्या पिशवीत घालायचं, पिशवी पारड्यात ठेवायची, आणि पोपटानं शिव्या दिल्यासारखं ओरडायचं. परीक्षा महिन्यावर आली असताना एका रविवारी पारडं खाली गेलं. तुळशीरामजींनी तीनदा मोजलं. पोपट एक तोळ्यानं वाढला होता.

"कोनं तरी दाने चारून राहिलं," ते म्हणाले. पिंजऱ्याखालच्या रद्दीत त्यांना शेंगदाण्याचं एक तांबडं टरफल सापडलं. ते त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिलं आणि माझ्या खोलीकडे मान वळवली.

माझ्या खोलीत शेंगदाणे होते. आईनं गावाहून येणाऱ्याबरोबर गाठोडं पाठवलं होतं. रात्री अभ्यास करताना भूक लागते, म्हणून.

"तुळशीरामजी, मी नाही दिले."

"मंग टरफल काय उडत आलं?"

"मी पिंजऱ्याला हातसुद्धा लावत नाही."

"तेच तं. काहून लावत नाही? समदे लावतात. तूच एकटा दूर उभा राह्यतं. ज्याच्या मनात काई नसते तो दूर काहून उभा राहीन?"

दूर उभं राहण्याची माझी कारणं होती, पण ती पोपटासंबंधी नव्हती. त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या रविवारी पारडं वर आलं नाही तर खोली खाली कर. परीक्षेआधी दुसरी खोली कुठली मिळणार? पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा भाचे. मला वाटलं, माणसाला काढायचंच असलं की कारण सापडतं. शेंगदाण्याचं सापडलं. मी गाठोड्याला गाठीवर गाठ मारली आणि ते ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. पाच दिवस भुकेल्या पोटी अभ्यास केला, पण एक दाणा खाल्ला नाही.

शुक्रवारी प्राध्यापक आले नाहीत म्हणून मी दुपारीच परत आलो. घर शांत होतं. आतून तुळशीरामजींचा आवाज आला, इतका मऊ की आधी मला वाटलं कुणी पाहुणा आलाय.

"या नं पटवारी. एकच पाऊल. आज चावू नका, काल लय लागलं."

ओसरीवरून दार अर्धं उघडं दिसत होतं. तुळशीरामजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. पिंजऱ्याचं दार उघडं. मांडीवर वाटी, वाटीत शेंगदाणे. ते एक दाणा दातानं तोडायचे, अर्धा स्वतः खायचे आणि अर्धा खांद्यावर धरायचे. पोपट दंडावरून चढून वर आला, दाणा घेतला आणि उलट पावली निघाला. "बसा नं," तुळशीरामजी म्हणाले आणि दुसरा दाणा तोडला. पोपट परत आला.

माझी चप्पल वाजली. त्यांनी मान वळवली. खांद्यावर पोपट असल्यामुळे त्यांना उठता येईना.

मला राग यायला हवा होता. पाच दिवस मी चोरासारखा वावरलो होतो. पण ते इतके स्थिर बसले होते, खांदा हलू नये म्हणून श्वाससुद्धा धरून, की मी फक्त उंबरठ्यापर्यंत गेलो.

"मीच चारतो," ते खाली बघून म्हणाले. "अर्धा. पुरा कदी देल्ला नाही."

"मग माझ्यावर आळ काहून घेतला?"

"तराजू समद्याइच्या समोर केला नं मी. कोनाचं तरी नाव घ्यावं लागे." मग म्हणाले, "हे पाखरू माह्यं नाही लेका. पोरीचं हाय. नात अकोल्याले गेल्यापासून हे कोनाले जवळ करत नाही. मी त्याले येवढं चांगलंचुंगलं चारतो, अन् ते मलेच चावते. मे महिन्यात पोरगी येईन. कार्डात लिवून बसलो, खांद्यावर बसते म्हनून."

"दाण्यानं मरते ते, तुम्हीच म्हणता."

"मालूम हाय," ते म्हणाले. "म्हनून तं अर्धा."

पटवाऱ्यानं त्यांच्या कानाची पाळी चोचीत धरली. तुळशीरामजींनी डोळे मिटले, पण हलले नाहीत.

मी उंबरठ्याशीच उभा होतो. त्यांनी मांडीवरची वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. वाटीत तोडलेले, अर्धवट, ओले दाणे होते.

"घे. उन्हातून आला."

मी वाटीकडे पाहत राहिलो. त्यांच्या घरातली माझ्यापुढे आलेली ती पहिली वाटी होती. हात पुढे करायला मला फार वेळ लागला असावा, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. वाटी त्यांनी जराशी मागे घेतली.

"काहून रे?" ते म्हणाले. "माह्यं उष्टं चालत नाही का तुले?"

"चालते," मी म्हणालो. चपला बाहेर काढल्या, आत गेलो आणि पोपट उडू नये म्हणून अगदी हळू त्यांच्या शेजारी बसलो.