कात्रीबाईंचा दर

लग्नासाठीच्या चारशे कपकेकचा दर मास्तरांनी कागदावर काढला, उलटसुलट तपासला आणि बायकोपुढे ठेवला. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाचा हिशेब तो, त्यात चूक असण्याचं कारण नव्हतं. बायकोने कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने तो कागद हळूच परत मास्तरांकडे सरकवला.

"यात कमी काय होईल?"

"कमी कशाला? अगं, आपण विकणारे आहोत."

बाई ओशाळल्या. पण सवय जाता जात नाही. एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली होती. माल पुरवणारे लोक आधी त्यांच्या पाठीमागे आणि मग तोंडावरच त्यांना कात्रीबाई म्हणू लागले, आणि बाई ती पदवीच समजत. त्यांची पद्धत साधी होती. समोरच्याचं कोटेशन वाचायचं, एका बोटाने परत सरकवायचं आणि गप्प बसायचं. त्या शांततेत भल्याभल्यांना घाम फुटे आणि माणूस आपणहून खाली येई. आलेला दर कधीच खरा नसतो, यावर त्यांची श्रद्धा होती.

गेल्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि घरी केक करायला घेतले. हात गोड निघाला. एकदा केक नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येई, येताना तिसऱ्याला घेऊन येई. घोडं अडायचं ते फक्त दराशी. बाई दर सांगायच्या, सांगितल्याबरोबर तो त्यांनाच जास्त वाटायचा, आणि समोरचा 'बरं' म्हणायच्या आत त्या तो कमी करून मोकळ्या व्हायच्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? वर्षभर ओव्हन तापत राहिला आणि नफा शोधायचा तर मास्तरांना भिंगच लागलं असतं.

त्यातच जुन्या साहेबांचा फोन आला. खुर्ची रिकामी आहे, एक तारखेपासून या. बाईंनी थोडी मुदत मागितली. लग्नाची ही पहिली मोठी ऑर्डर, ती धड दराने गेली तर घरीच राहायचं, नाहीतर मुकाट्याने नोकरीवर जायचं, असं त्यांनी ठरवलं. जायचं मात्र त्यांना अजिबात नव्हतं. लोणी फेसताना त्या इतक्या सुखात असत, की तसं सुख त्यांना त्या खुर्चीत एक दिवसही लाभलं नव्हतं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण मास्तरांना ते दिसत होतं.

म्हणून बेत ठरला. दर मास्तरांनी सांगायचा. बाईंनी स्वयंपाकघरात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

नवरीची आई चव बघायला आली. ती भिडस्त, बोलणं हळू. एक कपकेक खाल्ला, मग आणखी एक खाल्ला, आणि तिसरा नवऱ्यासाठी म्हणून कागदात गुंडाळून घेतला. मास्तरांनी घसा खाकरून दर सांगितला. नवरीची आई होच म्हणणार होती. तिनेच नंतर तसं कबूल केलं. पण तिने तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हे फार होतंय."

हात पुसत कात्रीबाई बाहेर आल्या आणि गिऱ्हाइकाच्या शेजारच्या खुर्चीत, मास्तरांच्या समोर बसल्या.

"लोणी कुठल्या भावाने धरलंय?"

"तूच सांगितलेल्या."

"तो किरकोळीचा. चारशेला लोणी घाऊक येणार, तो भाव कुठाय? आणि ही मजुरी कुणाची एवढी?"

"तुझीच आहे ती."

"मग धरली कशाला? घरचंच माणूस आहे."

मास्तरांनी डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पायाला पाय लावून पाहिलं. पण बाईंना आता समोर नवरा दिसतच नव्हता, दिसत होता तो माल खपवायला आलेला एक इसम. खोक्यांचा खर्च गेला. विजेचा निम्मा झाला. मास्तर सरळ माणूस, विचारलं की खरं सांगून टाकायचे, आणि खरं सांगणारा विक्रेता कात्रीबाईंना नोकरीतही कधी भेटला नव्हता. दर निम्म्यावर आला तेव्हा नवरीच्या आईचा चहा गार झाला होता.

"आता घ्या," कात्रीबाई तिच्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाल्या. मग आपण काय केलं हे त्यांना समजलं. पण तोवर नवरीच्या आईने कृतज्ञतेने त्यांचा हात हातात घेतला होता.

ती गेल्यावर मास्तर रागावले नाहीत. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," एवढंच पुटपुटले आणि वह्या तपासायला बसले. बाईंना मात्र रडू आवरेना. संध्याकाळी त्यांनी ऑफिसचे कपडे कपाटातून काढून इस्त्रीला टाकले.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईचा फोन. "ताई, माझ्याबरोबर हॉलवाल्याकडे याल का? मला बोलता येत नाही हो. समोरच्याने सांगितलं की मी देऊन मोकळी होते."

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. पण नाही म्हणणं बाईंना जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचे हातही शिवशिवत होते. हॉलच्या मॅनेजरने दर सांगितला. बाईंनी कागद बोटाने सरकवला आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसल्या. मॅनेजर खाली आला, अजून खाली आला, शेवटी खुर्च्यांचं भाडं सोडून देतो म्हणाला. नवरीची आई शाळेतल्या मुलीसारखी टक लावून बघत होती.

तिथून दोघी केटररकडे गेल्या. हा म्हातारा मुरलेला होता, पण अर्ध्या तासात तोही जेरीस आला. "मॅडम, भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची पाळी आली माझ्यावर," तो म्हणाला. "गोडाचं तेवढं तुम्ही बाहेरून घेताय ना? काय दराने?"

नवरीच्या आईने दर सांगितला. म्हातारा हसायला लागला.

"लोणी आहे का त्यात?"

"चांगलं लोणी आहे," कात्रीबाई तडकून म्हणाल्या.

"मग ती बाई आयत्या वेळी फोन बंद करून बसणार, लिहून ठेवा."

कात्रीबाईंचा चेहरा लाल झाला. म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्यांच्या आतली खरेदी अधिकारी जागी झाली होती, आणि ती म्हाताऱ्याच्या बाजूने होती. असले स्वस्त दर आले की त्या दुसऱ्यांदा वाचतसुद्धा नसत.

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्या नवरीच्या आईला म्हणाल्या, "हे कोटेशन तुम्ही नाकारा."

"केटररचं?"

"नाही, कपकेकवालीचं. इतक्या कमी दराने कुणी माल देत नाही. दिला तर माल धड नसतो, आणि माल धड असला तर देणारा बुडतो. मी असली कोटेशनं आयुष्यभर टोपलीत टाकलीत. ती बाई भरवशाची नाही."

"अहो, पण ती बाई तर तुम्हीच."

"म्हणूनच मला पक्कं माहितीय."

नवरीची आई थोडा वेळ विचार करत चालली. "मग नवा दर मागवू?"

"मागवा. आणि लेखी मागवा."

लेखी दर घ्यायला ती दुसऱ्या दिवशी घरी आली. मास्तर अजून शाळेतून यायचे होते. कात्रीबाईंनी कागद पुढे ठेवला. नवरीच्या आईने तो वाचला, एका बोटाने परत सरकवला आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसली.

शिष्या तयार झाली होती. कात्रीबाईंना कौतुकच वाटलं. आणि दुसरीही एक गंमत त्यांच्या ध्यानात आली. दर पाडायचं काम आज दुसरं कुणीतरी करत होतं, त्यामुळे त्यांना ते करावं लागत नव्हतं. त्या स्वस्थ चहा पीत राहिल्या. अशा शांततेत आधी कोण बोलतं आणि का, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शेवटी नवरीची आईच बोलली. "थोडं तरी कमी करा ना, ताई."

"काय काढू? लोणी काढू?"

"लोणी नको."

"मजुरी काढू मग?"

"छे, ती कशी काढायची?" नवरीची आई म्हणाली. "एवढं राबायचं आणि हातात काही नाही, असं कुठे असतं का?"

इतकं साधं बोलणं. पण वर्षभरात ते कुणी बोललं नव्हतं. घरातलं नाही, बाहेरचं नाही, आणि खुद्द कात्रीबाई तर नाहीच नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्या चटकन उठल्या आणि ओव्हनमध्ये काही नसतानाही तो उघडून बघितला. परत आल्या तेव्हा नवरीच्या आईने कागदावर सही केली होती आणि आगाऊ रक्कम मोजायला घेतली होती.

मास्तर आले तेव्हा बाई साहेबांना फोनवर नम्रपणे नकार देत होत्या. फोन ठेवल्यावर मास्तरांनी भीत भीत विचारलं, "किती उतरवलास दर?"

"नाही उतरवला. उलट वाढवला. तुमचा हिशेब चुकला होता."

मास्तर खाली बसले. आजवर त्यांच्या हिशेबात कुणी चूक काढली नव्हती. "कुठे चुकला?"

"एवढ्या ऑर्डरची भांडी कोण घासणार? त्याची मजुरी तुम्ही धरलीच नव्हती. ती मी घातली."

"पण भांडी तर मी घासतो."

"मग? नकोत का पैसे तुम्हाला?"

मास्तरांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि भांड्यांपुढचा आकडा नीट वाचला. मग त्यांनी एका बोटाने कागद बायकोकडे सरकवला.

"कमी धरलेस," ते म्हणाले.